फ्लॉपीला लागलेली हळद

लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हा माझ्या नाकाचा शेंडा जरा वरच होता. पुण्याहून आलेल्या मुलीचा असतो तेवढा. नवरा सॉफ्टवेअरमधला. हातावरची मेंदी उतरायच्या आत त्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेला धाडलं आणि माझा व्हिसा येईपर्यंत मी विद्यानगरच्या घरात सासू-सासऱ्यांजवळ राहावं असं ठरलं. ठरलं म्हणजे इतरांनी ठरवलं. गावभर तेव्हा कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, ज्याला त्याला परदेशी जायचं होतं, आणि मी परदेशी जायच्या नावाखाली इथे अडकून पडले होते. त्यामुळे सुरुवातीला मी दिसेल त्याला नाक मुरडलं. आमटीतल्या चिंचेला, दुपारच्या उन्हाला आणि सगळ्यात जास्त या लोकांच्या मराठीला. हो म्हणायचं तर 'हौ', नको म्हणायचं तर 'नक्को', हळू म्हणायचं तर 'हल्लू'. घरात मराठीच बोलतात असं स्थळ सांगून आलं होतं, ती ही मराठी, असं मी आईला फोनवर सुनावलं होतं.

सासूबाई लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायच्या. विद्यापीठ जवळ, त्यामुळे पीएच.डी. करणाऱ्यांची घरी सतत ये-जा. समोरच्या खोलीत आधी इंग्रजी टाइपरायटर होता, मग मराठी आला आणि बाजार खुला होऊन कॉम्प्युटर साध्या माणसांच्या घरात शिरायला लागले तेव्हा विद्यानगरातल्या टाइप करणाऱ्यांत सगळ्यांच्या आधी यांनी घेतला. दोन्ही टाइपरायटर मात्र कोपऱ्यात तसेच, तेलपाणी करून झाकून ठेवलेले. बाई अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत आणि चुकीच्या वेलांटीवर डोळा असा की प्रबंध लिहिणारे प्राध्यापक लोकसुद्धा त्यांच्यासमोर जरा सावरून बसत.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या घरातल्या देवापेक्षा कडक होता. नवं वाचून होईपर्यंत जुनं फाडायचं नाही. दुरुस्त केलेलं पान छापून निघालं की एकाने जुनं पान मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नव्या पानावर बोट फिरवत जायचं, स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. दोघांचं जुळलं की मगच जुन्या पानाची रद्दी. हाच नियम स्वयंपाकघरात. कुकरची नवी रिंग आणली तरी ती शिट्टी देईपर्यंत जुनी खिळ्याला लटकलेली. मला याचा वैताग यायचा. पुण्यात आम्ही नवं आणलं की जुनं लगेच बोहारणीला, असं मी एकदा म्हणाले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "हौ, आणि नवं बिघडलं की बोहारणीच्या मागं पळता का?"

सासरे वीज खात्यातून निवृत्त झालेले. माणूस अतिशय हौशी, मनाने मऊ, आणि निवृत्तीनंतर मुहूर्ताचं वेड लागलेलं. नळाची नवी तोटीसुद्धा पंचांग बघून बसवायचे. दसरा जवळ आला की स्वतः बेगम बाजारात जाऊन वर्षाचं हळदकुंकू आणायचे. चार दुकानांत हळद नाकाला लावून बघायचे, चिमटीत चोळायचे आणि घरी आल्यावर कौतुकाने सगळ्यांना वास घ्यायला लावायचे. त्या हळदीचा त्यांना जेवढा अभिमान तेवढा परदेशी गेलेल्या मुलाचाही नसेल.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सासूबाईंच्या हातात एका शाळेतल्या बाईंचा प्रबंध होता. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या. हैदराबादच्या मराठी घरांमध्ये स्वयंपाकघरात जे शब्द बोलतात त्यांच्यावर त्यांचा अभ्यास. म्हणजे मी ज्याला नाक मुरडत होते, त्यावर या बाई डॉक्टर होणार होत्या. धाकटा पोटात असताना नाव नोंदवलेलं, तो आता शाळेत जात होता. दिवसभर शाळा, घरी आजारी सासरे, मधेच नवऱ्याची बदली. मुदत वाढवून मिळाली होती ती शेवटची. दसरा झाला की त्याच आठवड्यात प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं काम पाण्यात. सगळी प्रकरणं टाइप होऊन तयार होती, फक्त मार्गदर्शकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या बाकी होत्या. त्या घेऊन बाई दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

आणि नेमकं तेव्हाच सासऱ्यांना ती सीडी आठवली. मुलगा जाताना ठेवून गेला होता. कॉम्प्युटरची नवी सिस्टीम. जुनी काढून ही टाकली की मशीन नव्यासारखं होईल, इंटरनेट लागेल, अमेरिकेला फुकटात बोलता येईल, असं काय काय तो सांगून गेला होता. दसऱ्याचा मुहूर्त सोडून दुसरा मुहूर्त कुठला?

"बाईंचं काम जाऊ द्या आधी," सासूबाई म्हणाल्या. "मग काय टाकायचं ते टाका."

"अगं, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हाय. उद्या काय करायलीस? उद्या एकादशी."

त्यांचा चेहरा इतका पडला की सासूबाईंनाही दया आली. कणिक मळता मळता त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "करा. पण मधेच ते विचारील, जुनं ठेवायचं का म्हणून. मला माहीत नाही विचारील का नाही, पण विचारलं तर हौ म्हणा."

कॉम्प्युटरने खरंच विचारलं. जुन्या सिस्टीमच्या फाइली जपून ठेवायच्या का? सासऱ्यांनी हौ म्हटलं. मग पुढे त्याने एक कोरी फ्लॉपी मागितली, त्यावर स्वतःचं काहीतरी लिहून घेतलं आणि सांगितलं की मशीन अडलं तर ही घालून सुरू करा, म्हणून ती नीट ठेवा. आजच्या मुलांनी फ्लॉपी पाहिलेली नसेल. तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी, तिला एका कडेला पत्र्याचं सरकतं झाकण आणि त्याच्या आत काळी पातळ चकती. माहिती त्या चकतीवर. सासऱ्यांनी फ्लॉपीवर 'शुभ लाभ' लिहिलं आणि ती नीट ठेवली. त्यांच्या मते नीट ठेवायची सगळ्यात चांगली जागा कोणती? पूजा.

कॉम्प्युटर सुरू झाला, नवा पडदा आला, नवं गाणं वाजलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सासऱ्यांनी सगळी हत्यारं मांडली. दोन्ही टाइपरायटर, कीबोर्ड, सासूबाईंची कात्री आणि पट्टी, पाटीवर काढलेली सरस्वती आणि मधोमध ती फ्लॉपी. झेंडू वाहिला, अक्षता वाहिल्या. संध्याकाळी शेजारी जम्मीची पानं घेऊन आले, आमच्याकडच्या आपट्यासारखीच इथे शमीची पानं देतात, आणि येणारा प्रत्येक जण पूजेत मांडलेला कॉम्प्युटर बघून गेला. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही ही त्या घरची रीत. त्यामुळे तो दिवस छान गेला.

दुसऱ्या दिवशी बाई दुरुस्त्यांचे कागद घेऊन आल्या. सासूबाईंनी मशीनला नमस्कार केला, प्रबंधाची फाइल उघडली आणि पडद्यावर मराठीचा एक शब्द नाही. नुसत्या चांदण्या, चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच तुटकी इंग्रजी अक्षरं. त्यांनी मराठीचा प्रोग्रॅम वेगळा उघडून पाहिला, तो उघडेचना. ज्यात त्या मराठी टाइप करायच्या तो प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमसाठी बनवलेला होता, नव्यात तो चालायला तयार नव्हता. फाइली सगळ्या जागच्या जागी होत्या, त्यांची नक्कल दुसऱ्या फ्लॉप्यांवर होती. पण त्या वाचणार कशात?

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, माझं सगळं गेलं का हो?"

"गेलं नाही. दिसंना झालंय," सासूबाई म्हणाल्या. "गेलेलं वेगळं आणि दिसंना झालेलं वेगळं. बसा तुम्ही."

आता सासऱ्यांना राहवेना. आपल्यामुळे झालं तर आपणच निस्तरावं म्हणून ते खुर्चीवर बसले आणि काय काय दाबलं देव जाणे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं आणि अर्ध्यात थांबलं. परत सुरू केलं, परत तिथेच. नवंही गेलं आणि जुनंही दिसेना. त्या क्षणी मी नवी सून नसते तर काय बोलले असते ते सांगत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. घरात एवढा शहाणा मुलगा आणि तो नेमका सात समुद्रांपलीकडे झोपलेला.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो सुट्टीला गावी निघाला होता, पायात चपला घालूनच बोलला. "फॉरमॅट मारो मॅडम, सब साफ हो जाता. नया डालेंगे."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सब साफ म्हणजे मराठीचा प्रोग्रॅमही साफ?"

"हो."

"मग नक्को. तो परत घालायची सोय नाही. ज्यानं घालून दिला त्याचं दुकानच उठलं. ठेवून दे फोन."

मला वाटलं, आता या हातपाय गाळून बसतील. मी तरी बसले असते. पण त्यांनी पदर खोचला, बाईंच्या हातात चहाचा कप दिला आणि सीडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन त्या खिडकीशी बसल्या. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या ते वाचत होत्या तशाच जशा त्या प्रबंध वाचायच्या, ओळीखाली पट्टी धरून, एकही ओळ न गाळता. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो. सासरे तर दाराशी असे उभे होते की जणू शाळेत बाहेर उभं केलंय.

"त्याने विचारलं होतं ना, जुनं ठेवू का?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "आपण हौ म्हटलं. मग ते ठेवलेलं असणार. ठेवलं तर परत द्यायचीही सोय असणार. नाहीतर विचारलं कायकू?"

इतका साधा विचार, पण आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. मी तर त्या मशीनवर इतकी चिडले होते की ते आपल्याशी प्रामाणिक वागेल हेच माझ्या डोक्यात येत नव्हतं. सासूबाईंनी मात्र गृहीत धरलं होतं की कुणीतरी, कुठल्यातरी देशात, त्यांच्यासारखाच जुनं न फाडणारा माणूस बसला असेल आणि त्याने वाट ठेवली असेल. थोड्या वेळाने त्यांची पट्टी थांबली.

"मिळालं. मशीन चालू होत नसलं तर ती फ्लॉपी घालायची, काळा पडदा येतो, त्यावर एक शब्द टाइप करायचा. जुनं परत येतं."

माझा जीव भांड्यात पडला. सासरे लगबगीने गेले, पूजेतून फ्लॉपी आणली, कपाळाला लावली आणि दिली. सासूबाईंनी ती मशीनमध्ये घातली. आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला, आणि पडद्यावर आलं, फ्लॉपी वाचता येत नाही.

त्यांनी ती बाहेर काढली. पत्र्याचं झाकण सरकवलं. आतल्या काळ्या चकतीवर पिवळंधमक हळदीचं बोट आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा ठिपका. ओल्या बोटाने लावलेला, वाळून घट्ट बसलेला.

सगळ्यांच्या माना एकदम सासऱ्यांकडे वळल्या.

"झाकणाला लावून काय उपयोग," ते पुटपुटले. "मशीन वाचतं ते आतलं. म्हणून मी... झाकण सरकवून आतल्याला लावलं."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी तोंडावर पदर धरला, त्या हसत होत्या का रडत होत्या मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. जगात कितीतरी लोकांनी ही नवी सिस्टीम घातली असेल, पण तिच्या काळजाला बेगम बाजारची हळद लावणारा माणूस आमच्याच घरात निघाला. सासरे मात्र हसले नाहीत. ते आत जाऊन पलंगावर बसले.

दुसरी तशी फ्लॉपी बनवायला ही नवी सिस्टीम असलेला दुसरा कॉम्प्युटर पाहिजे. ओळखीत अजून कुणाकडे ती आलेली नव्हती. विद्यापीठाच्या फाटकासमोरचं कॉम्प्युटर सेंटर दसऱ्याच्या सुट्टीला बंद. मी चार फोन केले, चौघांनी सुट्टी संपल्यावर या म्हणून सांगितलं. सुट्टी संपेपर्यंत बाईंची मुदत संपत होती.

सासूबाई फ्लॉपी उजेडात धरून बघत होत्या. टाइपरायटरचे खिळे आयुष्यभर स्वतः साफ केलेल्या त्या. शाईने बुजलेल्या 'क'ची आणि 'फ'ची पोटं टाचणीने मोकळी करायची त्यांना सवय. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुझे हात थरथरतात का गं?"

"नाही," मी म्हणाले. थोडे थरथरत होते.

"मग ये."

आधी त्यांनी एक निकामी फ्लॉपी उघडून पाहिली. आत काय आहे, कुठे काय बसलंय, कसं निघतं, हे बघून घेतलं. ती मोडली तरी चालणार होतं. मग शुभ लाभाची फ्लॉपी घेतली. पातळ सुरीच्या टोकाने कडा हल्लू हल्लू सैल केल्या. पत्र्याचं झाकण निघालं, डबी उघडली आणि आतून ती चकती बाहेर आली, दुधावरच्या सायीइतकी पातळ. तिला मधल्या पत्र्याच्या गोलाने धरायचं, काळ्या भागाला बोट लावायचं नाही, हे माझं काम. त्यांनी देवघरातल्या फुलवातींचा कापूस घेतला, पिंजून अगदी मऊ केला, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळला, आणि त्या हळदीवरून एकाच दिशेने, इतक्या हलक्या हाताने फिरवला की मी श्वास धरून ठेवला होता. दर वेळी नवा कापूस. एकदा वापरलेला पुन्हा नाही. कुंकू निघालं. हळद निघाली, पण तिचा रंग राहिला.

"आई, डाग राहिला," मी म्हणाले.

"रंग राहू दे. कण नको राहायला. मशीनला कण टोचतो, रंग टोचत नाही."

त्या हे कुठे शिकल्या होत्या? कुठेच नाही. त्यांनी विचार केला होता. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते तोवर कुणाबद्दल वाटलं नव्हतं, हे मी सरळच सांगते. कॉलेजात मी कितीतरी हुशार माणसं पाहिली होती. पण हातातलं काम बिघडलेलं असताना, बिघडवणारा घरातलाच असताना, समोर एक बाई डोळे पुसत असताना, आवाज न चढवता एक एक कण वेचणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

चकती सावलीत, धुतलेल्या मलमलीवर सुकवली. पंखासुद्धा लावू दिला नाही, धूळ बसेल म्हणून. मग एका नव्या कोऱ्या फ्लॉपीची डबी उघडून तिच्यातली चकती काढली आणि आपली त्यात बसवली. कडा चिकटवल्या. झाकण सरकवून बघितलं, सरकलं. आणि मग त्यांनी ती लगेच मशीनमध्ये घातली नाही. त्या आत गेल्या.

"अहो, या बाहेर," त्यांचा आवाज ऐकू आला. "तुमच्याशिवाय नाही घालणार मी."

सासरे आले. चेहरा उतरलेला, नजर जमिनीवर. सासूबाईंनी फ्लॉपी घातली. आतून घर्र आवाज झाला, थांबला, परत घर्र झाला. मग पडदा काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली. सासूबाईंनी पुस्तकातला तो एक शब्द टाइप केला, टाइपरायटरवर करतात तसा, प्रत्येक अक्षर पुरतं दाबून. नवी सिस्टीम काढून जुनी परत आणायची, नक्की का, असं त्याने विचारलं.

"हौ," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि बटण दाबलं.

मशीन बराच वेळ स्वतःशी कुरकुरत राहिलं. पडदा काळा, मग करडा, मग परत काळा. बाई रामरक्षा म्हणत होत्या. शेवटी मशीन आपोआप बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि जुना, ओळखीचा, जरा कळकट वाटणारा पडदा समोर आला. इतके दिवस मला तो कुरूप वाटायचा. त्या दिवशी मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. सासूबाईंनी मराठीचा प्रोग्रॅम उघडला, फाइल उघडली, आणि चांदण्यांच्या जागी अक्षरं आली. काना, मात्रा, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. बाईंच्या प्रबंधातलं जे पान उघडलं होतं त्यावर 'हल्लू' हा शब्द होता, आणि तो कुठून आला, कोण कोण बोलतं, याची नीट दीड पानांची चर्चा. मी ते तिथेच उभ्याने वाचून काढलं.

पुढचे दिवस आम्ही तिघींनी दुरुस्त्या केल्या. बाई घरचं आवरलं की थेट यायच्या. सासूबाई टाइप करायच्या, पान छापलं की मी जुनं मोठ्याने वाचायचे आणि बाई नव्यावर बोट फिरवायच्या. पुणेरी तोंडाने मी 'नक्को' आणि 'हौ' स्वल्पविरामासकट म्हणत होते आणि बाई मधेच थांबवून सांगायच्या, "असं नाही, जरा ओढून म्हणा." मला पहिल्यांदाच वाटलं की या बोलीला कान लावायला हवा. सासरे या सगळ्यात कुठेच नव्हते. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. जेवायला बोलावलं की येऊन दोन घास खायचे. सासूबाईंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नव्हता, पण न बोललेलंही त्यांना लागत होतं. बाईंसमोर तर ते यायचेच नाहीत.

प्रबंध अफझलगंजला बांधायला दिला. बांधून घरी आला तेव्हा निळ्या कापडावर सोनेरी अक्षरं होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाई, सासूबाई आणि मी, तिघी रिक्षाने विद्यापीठात गेलो. खिडकीच्या पलीकडे एक वयस्क कारकून बसले होते, कपाळाला विभूती. त्यांनी सह्या पाहिल्या, शिक्के पाहिले, मग एकेक प्रत उघडून चाळायला लागले. दुसऱ्या प्रतीचं पहिलं पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला.

मी वाकून पाहिलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात पिवळं बोट होतं. हळदीचं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. डाग लागलेली प्रत घेत नाहीत, नवी करून आणा म्हणतात, हे त्यांनी विद्यापीठात ऐकलेलं होतं. नवी करायला आता दिवस कुठे होता? मला कुणी सांगायची गरज नव्हती हे कुणाचं काम. रात्रभर प्रती घरातच होत्या. एवढं रामायण होऊनही या माणसाला राहवलं नाही! घरी जाते आणि चांगली सुनावते, सून असले म्हणून काय झालं, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

कारकुनांनी चष्मा वर सरकवला. पान नाकाजवळ नेलं, वास घेतला. "पसुपा?" त्यांनी विचारलं. पसुपु म्हणजे हळद, एवढं तेलुगू बाजारात जाऊन जाऊन मलाही आलं होतं.

"हौ," सासूबाई म्हणाल्या. "घरमें बडे आदमी हैं. उनों लगाए."

कारकुनांनी तो कोपरा बोटाने हलकेच शिवला आणि बोट डोळ्यांना लावलं. "मंचिदे, अम्मा," ते म्हणाले, चांगलंच आहे. "अच्छी हल्दी है. शुभम." आणि त्यांनी सगळ्या प्रतींवर शिक्के मारले.

बाहेर झाडाखाली येईपर्यंत बाई कशाबशा चालल्या. तिथे मात्र त्यांनी सासूबाईंच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. रिक्षात मी मात्र वाटभर वाक्यं जुळवत होते, सासऱ्यांना काय काय ऐकवायचं त्याची.

घरी आलो तर सासरे फाटकातच उभे. आम्ही चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "घेतलं का?"

"घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "तुमची हळद बघून घेतलं. त्या कारकुनानं डोळ्याला लावली."

सासरे खालच्या आवाजात, शाळकरी पोरासारखे म्हणाले, "फ्लॉपीला नव्हती लावायला पायजे. न्हाई का?"

मी तोंड उघडलं होतं. माझी सगळी वाक्यं तयार होती. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं आणि मी ती गिळली. मग त्या सासऱ्यांच्या जवळ गेल्या, त्यांच्या सदऱ्यावरची हळद झटकली आणि म्हणाल्या, "लावा. दरवर्षी लावा. पण बाहेरून."

सासरे हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच हसले. दुपारी पोटभर जेवले आणि बाईंसाठी पेढे आणायला स्वतः निघाले. त्या आठवड्यात अमेरिकेहून नवऱ्याचा फोन आला. व्हिसाचं आता लवकरच होईल, अजून थोडे दिवस कळ काढ, तिथे कंटाळली असशील ना, असं तो विचारत होता. समोरच्या खोलीत सासूबाईंनी दुसऱ्या कुणाच्या प्रबंधाचं पहिलं पान छापलं होतं आणि त्या जुनं पान हातात घेऊन माझी वाट बघत होत्या.

"नक्को," मी म्हणाले, "घाई नक्को करू," आणि फोन ठेवून वाचायला बसले.